जिप्सम टाकूनही तोच चट्टा दरवर्षी पांढरा का पडतो?

रावेर-यावलच्या केळीच्या शेतांत, हतनूरच्या कालव्याखालच्या काळ्या जमिनीत आणि गिरणा-पांझरेच्या काठच्या मळ्यांत एक तक्रार वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. शेताच्या एका अंगाला पांढुरका पापुद्रा येतो, तिथले बी नीट उगवत नाही आणि उगवलेले पीक खुरटते. कोणीतरी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे खनिज, टाकायला सांगतो, ते टाकले जाते, एक हंगाम बरा जातो, आणि पुढच्या फाल्गुन-चैत्रात तोच चट्टा, बहुधा आधीपेक्षा दोन-चार सऱ्या रुंद होऊन, पुन्हा वर येतो. जिप्सम भेसळीचे निघाले असा निष्कर्ष मग काढला जातो. कधी कधी तो खराही असतो, परंतु बहुतेक शेतांत दोष जिप्समचा नसतो. क्षार शेतात येण्याची वाट उघडी असते आणि बाहेर जाण्याची वाट बंद असते, आणि या दोन वाटांकडे न पाहता केलेला कोणताही उपाय एका हंगामापेक्षा अधिक टिकत नाही.

चट्टा क्षाराचा आहे की चोपणाचा

बोलताना आपण दोन्हीला खारवट जमीन म्हणतो, परंतु हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. क्षारयुक्त जमिनीत पाण्यात विरघळणारे क्षार, म्हणजे क्लोराइड आणि सल्फेट, साठलेले असतात. वर पांढरा पापुद्रा दिसतो, त्याखालची माती मात्र बऱ्याचदा भुसभुशीत असते आणि पाणी मुरते. चोपण जमिनीत विरघळणारे क्षार कमी असू शकतात, पण चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. अशी जमीन ओली असताना पायाला चिकटते, वाळल्यावर दगडासारखी होते, पावसाचे पाणी तिच्यावर दिवसेंदिवस उभे राहते, वाफसा येता येत नाही, आणि वर पांढरेपणाऐवजी काळपट, तेलकट झाक दिसते. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचे तर संपृक्त अर्कातील (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यातील) विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक, सामू (पीएच) ८.५ पेक्षा कमी आणि विनिमयक्षम, म्हणजे कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जमीन क्षारयुक्त. वाहकता ४ पेक्षा कमी, सामू ८.५ पेक्षा अधिक आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. आणि वाहकता व सोडियम दोन्ही हद्दीबाहेर असतील तर क्षारयुक्त-चोपण.

घरी करता येण्यासारखी एक साधी चाचणी आहे. चट्ट्यातले आणि शेताच्या चांगल्या भागातले सुपारीएवढे एकेक वाळलेले ढेकूळ घ्यावे, काचेच्या दोन ग्लासांत पावसाचे साठवलेले किंवा आरओचे पाणी घ्यावे, ढेकूळ त्यात अलगद सोडावे आणि ग्लास अजिबात हलवू नये. ढेकूळ फुटून तळाला पसरले तरी वरचे पाणी निवळ राहिले, तर सोडियमची शंका कमी असते. ढेकळाभोवती दुधाळ ढग तयार होऊन दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिले, तर सोडियमने मातीचे कण एकमेकांपासून सोडवले आहेत असे समजावे. येथे बोअरचे पाणी चालत नाही, कारण त्यातल्या क्षारांमुळेच कण जुळून खाली बसतात आणि चोपण जमीनही निर्दोष दिसते. नेमक्या याच कारणाने क्षारयुक्त-चोपण जमीन या चाचणीत लपून राहू शकते, म्हणून ग्लास निवळ राहिला तरी चट्ट्याच्या मातीतील विनिमयक्षम सोडियम प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

अहवालातल्या आकड्याने फसगत

मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली आणि तिच्यामुळे माती तपासण्याची सवय गावोगाव पोचली, ही फार मोठी गोष्ट झाली. मात्र अहवालातली विद्युत वाहकता कोणत्या अर्कात मोजली, हे फार थोडे शेतकरी पाहतात. आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असे मिश्रण करून वाहकता मोजतात, आणि त्या पद्धतीत १ पेक्षा कमी आकडा आला की समोर ‘साधारण’ असा शेरा पडतो. पिकांच्या क्षारसहनशीलतेचे पुस्तकांतले आकडे मात्र संपृक्त अर्कातले असतात, आणि त्या अर्कात पाणी पुष्कळच कमी असल्यामुळे तोच क्षार अधिक दाट मोजला जातो. काळ्या भारी जमिनीत १:२.५ च्या मिश्रणातला ०.९ हा आकडा संपृक्त अर्कात तीनच्या घरात जाऊ शकतो. कापसाला त्याने काहीही होत नाही, पण कांदा आणि मका यांचे उत्पादन तेवढ्यात घटू लागलेले असते.

येथेच एक गोष्ट मला आग्रहाने मांडावीशी वाटते. संपृक्त अर्काच्या मापाने कापूस ७.७ पर्यंत, ज्वारी ६.८ पर्यंत आणि गहू ६ पर्यंत वाहकता उत्पादन न घटता सोसतो. भुईमूग ३.२ वर, मका १.७ वर आणि कांदा १.२ वरच मागे पडू लागतो. केळी आणि हरभरा हीदेखील नाजूक पिके आहेत. कापूस-ज्वारीच्या शेतात ठिबक टाकून केळी लावली, किंवा रब्बीत ज्वारीऐवजी मका आणि कांदा घेतला, आणि दोन वर्षांत ‘जमीन अचानक बिघडली’ अशी तक्रार आली, तर पुष्कळदा जमीन अचानक बिघडलेली नसते. ती हळूहळू क्षारत चाललेली असते आणि आधीचे पीक ते मुकाट सोसत असते.

क्षार येतो कुठून

आपली काळी माती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आणि त्या झिजेतून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट सतत सुटत राहतात. पाऊस भरपूर असता तर हे सारे धुऊन नदीला मिळाले असते. जळगाव जिल्ह्याचा पाऊस मात्र सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत पडणारा, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो, त्यामुळे वर ओढले जाणारे पाणी खाली मुरणाऱ्या पाण्यावर वर्षातले बरेच महिने मात करते. शेजारच्या पूर्णा खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत, याच परिस्थितीतून खारपाणपट्टा तयार झाला, आणि तीच पूर्णा आपल्या मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तापीला येऊन मिळते. निसर्गाने घातलेली ही भर सावकाश असते. माणसाने घातलेली भर वेगवान असते आणि ती मोजता येते.

पाण्याची वाहकता १ असेल तर त्याच्या दर हजार लिटरमध्ये साधारण ६४० ग्रॅम क्षार असतात. वर्षभरात एका एकरावर १ मीटर उंचीएवढे, म्हणजे सुमारे ४० लाख लिटर पाणी दिले, तर त्यासोबत अडीच टनांहून अधिक क्षार शेतात उतरतात. पीक त्यातला अगदी थोडा वाटा घेते, बाकीचा सारा मागे राहतो. ठिबकामुळे पाणी कमी लागते म्हणून क्षाराची आवकही कमी होते, हे खरे आहे. पण प्रवाही सिंचनात काही पाणी मुळांच्या खाली झिरपून क्षार सोबत नेत असे, ते ठिबकाच्या मोजक्या पाण्यात जवळजवळ थांबते. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात भूजलाची पातळी खोल गेल्यापासून पुष्कळ शेते वर्षभर केवळ खोल बोअरच्या पाण्यावर आहेत, म्हणून माझ्या मते तिथे मातीच्याही आधी पाणी तपासले पाहिजे.

पाणी तपासताना केवळ वाहकता पाहून भागत नाही. पाण्यातील कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज वजा करून जो आकडा उरतो, त्याला अवशिष्ट सोडियम कार्बोनेट म्हणतात. तो १.२५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरपर्यंत असेल तर पाणी सुरक्षित, २.५ पर्यंत काठावरचे आणि त्यापुढे सिंचनाला अयोग्य मानले जाते. कारण सोपे आहे. पाणी जमिनीत आटते तेव्हा बायकार्बोनेट कॅल्शियमला पकडून चुन्याच्या रूपात खाली बसवते. ड्रीपरच्या तोंडाशी जमणारी आणि पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून चढणारी पांढरी खर तीच. कॅल्शियम असा बाजूला पडला की मातीच्या कणांभोवती सोडियमचे राज्य सुरू होते. म्हणून चवीला अजिबात खारट न लागणारे, वाहकता १ च्या आत असलेले पाणीही काही वर्षांत जमीन चोपण करू शकते.

कालव्याखालच्या शेतांत गोष्ट वेगळी असते. तिथे पाणी गोडे असते, पण झिरपा आणि अतिसिंचन यांमुळे भूजल वर चढते, आणि ते पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरच्या आत आले की मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी वर येऊन हवेत उडून जाते व क्षार वरच राहतो. हे तपासण्यासाठी चट्ट्याजवळ सहा-सात फुटांचे छिद्र घेऊन त्यात बाजूने भोके पाडलेला पाइप बसवावा आणि ऑक्टोबरमध्ये व पुन्हा फेब्रुवारीत आतले पाणी किती खाली आहे ते दोरीने मोजून लिहून ठेवावे.

खतांचाही वाटा असतो, विशेषतः म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइडचा, पण पाण्याच्या तुलनेत तो लहान असतो.

नमुना कुठून घ्यावा

शेतभर फिरून एकत्र केलेला नमुना या कामासाठी निरुपयोगी आहे. केळीच्या दोन झाडांमध्ये, ठिबकाच्या नळीला (लॅटरलला) आडवा, तीन फूट खोल चर खोदावा आणि त्याच्या भिंतीकडे शांतपणे पाहावे. ड्रीपरखाली माती काळी, ओली आणि मोकळी दिसते, मुळे तिथेच दाटलेली असतात. ओल जिथे संपते तिथे, साधारण वीत-दीड वीत अंतरावर, फिकट पांढरी कमान दिसते, आणि त्या कमानीत शिरलेली मुळांची टोके तपकिरी पडलेली असतात. नमुने ड्रीपरखालचे, कमानीतले आणि दोन ओळींच्या मधले असे वेगळे घ्यावेत, आणि प्रत्येक जागी ० ते ३०, ३० ते ६० व ६० ते ९० सेंटिमीटरचे थर वेगळ्या पिशव्यांत भरावेत. वाहकता वर जास्त आणि खाली कमी निघाली तर क्षार वर ओढला जात आहे किंवा धुतलाच जात नाही. वर कमी आणि खाली जास्त निघाली तर धुलाई चालू आहे आणि फार घाबरण्याचे कारण नाही. पहिला नमुना एप्रिल-मेमध्ये आणि दुसरा पावसाळा संपल्यावर त्याच जागेवरून घेतल्याशिवाय उपाय लागू पडला की नाही, हे कळायला मार्ग नसतो.

पिकावर काय दिसते

जमिनीत ओल असूनही दुपारी पीक मान टाकते, आणि शेतकरी ते पाहून आणखी पाणी देतो. क्षारामुळे मातीतले पाणी मुळांना ओढता येत नाही, ही तहान पाण्याअभावीची नसते. केळीत जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या व मग करपल्यासारख्या तपकिरी होतात, निसवण (घड बाहेर पडणे) लांबते, घडाच्या फण्या कमी आणि केळी बारीक राहतात. सोडियम वाढला की मुळांकडून पोटॅशचे शोषण अडते आणि केळी हे पोटॅशवर उभे असलेले पीक आहे. कापूस मोठेपणी क्षार सोसत असला तरी उगवणीत तो नाजूक असतो, त्यामुळे चट्ट्यात नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) पडतात. सामू ८.५ च्या वर गेला की लोह आणि जस्त जमिनीत असूनही पिकाला मिळत नाहीत, शेंड्याची पाने पिवळी पडतात आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारण्यांवर खर्च होत राहतो. वर पसरलेल्या युरियातील नत्रही अशा जमिनीतून अमोनिया होऊन उडते.

जिप्सम कुठे लागू पडते आणि कुठे वाया जाते

जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमची जागा घेतो, सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात येतो आणि ते पाणी खाली निघून गेले तरच काम पूर्ण होते. हे एक वाक्य नीट ध्यानात घेतले की फसलेल्या बहुतेक उपायांचे कारण उलगडते. जमीन नुसती क्षारयुक्त असेल तर हटवायला सोडियम नाही, तिथे जिप्सम म्हणजे क्षारात आणखी एका क्षाराची भर. निचरा बंद असेल तर सुटलेला सोडियम तिथेच राहतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. पाण्यातील अवशिष्ट सोडियम कार्बोनेट जास्त असेल तर मातीची एकदा केलेली दुरुस्ती पाणी दरवर्षी मोडत राहते.

वेळही बऱ्याचदा चुकते. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे १ टन जिप्सम विरघळवायला सुमारे ४ लाख लिटर, एकरभर शेतात शंभर मिलिमीटर पाणी मुरावे लागते. डिसेंबरमध्ये टाकून ठिबकावर ठेवलेले जिप्सम ओळींच्या मधल्या जागेत पुढच्या पावसापर्यंत जवळजवळ तसेच पडून राहते. ते मेअखेर पसरावे, वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्ये मिसळावे आणि पावसाचे पाणी शेतातच मुरेल अशा बेताने बांध नीट करून घ्यावेत. खोल नांगरटीने ते खाली गाडू नये, कारण त्यामुळे खालचा चोपण थरही वर येतो. मात्रेचा हिशेब असा आहे की वरच्या १५ सेंटिमीटर थरात दर १०० ग्रॅम मातीमागे १ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला एकरी पाऊण टनाच्या आसपास शुद्ध जिप्सम लागते.

पाण्यासाठीचा हिशेब याहून वेगळा आणि दरवर्षीचा असतो. समजा, बोअरच्या पाण्यात अवशिष्ट सोडियम कार्बोनेट ४ आहे आणि ते २ वर आणायचे आहे. दर १ मिलीइक्विव्हॅलंटसाठी हजार लिटरला ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागते, म्हणून एकरी ४० लाख लिटर पाण्यासाठी जवळजवळ ७०० किलो, आणि माल ७० टक्के शुद्धतेचा असेल तर एक टन. मातीसाठी लागणारे जिप्सम या आकड्यात धरलेले नाही.

काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच असते, त्यामुळे गंधक हाही चांगला पर्याय ठरतो. जिवाणू गंधकाचे आम्ल करतात, ते चुनखडी विरघळवते आणि कॅल्शियम जागेवरच मोकळा होतो. पूर्ण रूपांतर झाले तर १ किलो गंधक सुमारे ५.४ किलो जिप्समचे काम करते, परंतु त्याला ओल, ऊब आणि काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत वेळ लागतो. सोबत धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून दीड महिन्याने गाडला तर मुळांच्या वाटा आणि सेंद्रिय आम्ले, दोन्ही मदत करतात. धैंचा चोपण जमिनीतही उगवतो, ताग तिथे तितका साथ देत नाही.

क्षारयुक्त-चोपण जमिनीत एक धोका आहे आणि तो मुद्दाम सांगायला हवा. जिप्सम न देता केवळ गोड्या पाण्याने किंवा पावसाने ती धुतली तर आधी विरघळणारे क्षार निघून जातात, मागे सोडियम राहतो, कण सुटतात आणि जमीन बांधली जाते. ‘चांगला पाऊस झाला आणि शेत आणखी बिघडले’ ही तक्रार या कारणाने खरी असू शकते.

पाण्याला वाट

निव्वळ क्षारयुक्त जमिनीला औषध एकच, मुरवलेले गोडे पाणी आणि त्याला बाहेर जायला वाट. एक फूट मातीतले सुमारे ८० टक्के क्षार काढायला साधारण एक फूट पाणी तिच्यातून झिरपावे लागते. आपल्याला हे पाणी पावसाळ्यात फुकट मिळते. परंतु क्षेत्र वाढवण्यासाठी बांधालगतचे नाले बुजवले गेले आहेत, आणि जे उरले ते गाळाने व वेड्या बाभळीने भरले आहेत. तीन-चार फूट खोल उघडा चर शेताच्या उताराच्या बाजूने काढून जिवंत नाल्याला जोडला, तर पुष्कळ चट्टे एकट्या त्यानेच उतरतात. भारी चिकण जमिनीत मोल नांगराने ५०-६० सेंटिमीटरवर पोकळ नळ्या काढता येतात, पण चोपण मातीत त्या लवकर ढासळतात. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनींत सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा बराच झाला आहे. तो महाग आहे आणि एकट्याने करण्यासारखा नाही, कारण पाइपाचे तोंड शेवटी कोणाच्या तरी शेताकडे उघडते.

पांझरेकाठच्या फड पद्धतीत ही बाजू पूर्वजांनी आधीच पाहिली होती. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि जादा पाणी नदीला परत देणारा सांडवा हे सारे एकाच आखणीचे भाग होते, आणि उसाचा फड एका जागी न ठेवता फिरवला जात असल्यामुळे कोणत्याही एका तुकड्यावर कायम बारमाही पाणी राहत नसे. आज पाणी देण्याच्या योजनेला पैसा मिळतो आणि पाणी काढण्याची योजना कागदावरही नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ठिबकावरच्या केळीसाठी

मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत, जून महिन्यात पाच-दहा मिलिमीटरची सर आली की ठिबक बंद करण्याची पद्धत आहे. त्या हलक्या पावसाने ओलीच्या कडेचा सारा क्षार विरघळून आत, मुळांपाशी ढकलला जातो, म्हणून दमदार पाऊस होईपर्यंत ठिबक चालूच ठेवावे. कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरताना लावायच्या केळीची, लागवड करण्यापूर्वी पावसाळ्यातच शेत धुऊन घ्यावे आणि कालव्याचे किंवा विहिरीचे गोडे पाणी मिळत असेल तर ते रोपांच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवावे, बोअरचे पाणी नंतर वापरावे. ओळींच्या मध्ये केळीच्या वाळलेल्या पानांचे आच्छादन ठेवले की बाष्पीभवन घटते व क्षाराची कमान सावकाश बनते. म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडते, पण चट्ट्यापुरते वापरणे परवडते. धुलाईसाठी गरजेपेक्षा किती जादा पाणी सोडावे, याचा अंदाज असा: पाण्याची वाहकता १ आणि मुळांपाशी राखायची वाहकता दीड असेल तर सुमारे १५ टक्के. निचरा नसलेल्या शेतात मात्र हे जादा पाणी देऊ नये. ड्रीपर उघडण्यासाठी केलेल्या आम्लप्रक्रियेने नळ्या साफ होतात, त्याने जमीन सुधारते हा समज बरोबर नाही.

पाणी आणि मातीच्या तपासणीसाठी कृषी विज्ञान केंद्रात किंवा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात विचारणा करावी, आणि अर्जावर विनिमयक्षम सोडियम, कार्बोनेट व बायकार्बोनेट हे घटक स्वतः लिहून मागावेत, कारण नेहमीच्या तपासणीत ते बहुधा धरलेले नसतात. पावसाळ्यानंतर त्याच जागेच्या नमुन्यात वरच्या थराची वाहकता उतरलेली आणि ६० ते ९० सेंटिमीटरच्या थरातली वाढलेली दिसली, तर क्षार खाली चालला आहे आणि तीच व्यवस्था पुढच्या वर्षी चालू ठेवावी. दोन्ही थर मे महिन्याइतकेच भरलेले निघाले, तर जिप्समची पुढची गाडी मागवण्याआधी चर कुठे तुंबला आहे ते शोधावे, आणि तो मोकळा होईपर्यंत त्या तुकड्यात केळी किंवा कांदा न लावता ज्वारी अथवा धैंचा घ्यावा.